हिरवळीच्या जागी कमी पाण्याचे अंगण: क्रमवार मार्गदर्शन

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी पडले, तर ते एक लीटर होते. ऐन उन्हाळ्यात लॉन हिरवेगार ठेवायचे असेल, तर त्याला आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर पाणी लागते. म्हणजे १०० चौरस मीटरच्या लॉनवर दर आठवड्याला २,५०० लीटर पाणी खर्च होते. वाऱ्याने उडणारे, फरशीवर पडणारे आणि उतारावरून वाहून जाणारे पाणी या हिशेबात धरलेले नाही. शिवाय नियमित कापणी, खत आणि तणांचा बंदोबस्त हे काम वेगळेच. ज्या लॉनवर कोणी बसत नाही, मुले खेळत नाहीत, ज्यावर फक्त कापणीच्या वेळीच पाऊल पडते, त्याच्यासाठी एवढे पाणी आणि श्रम खर्चावेत का, हा प्रश्न आता अनेक शहरांनी गंभीरपणे घेतला आहे. अमेरिकेतील डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने १९८१ मध्ये कमी पाण्याच्या बागेची पद्धतशीर मांडणी केली. नेवाडा राज्याने २०२१ मध्ये कायदा करून केवळ शोभेच्या, वापरात नसलेल्या लॉनला कोलोरॅडो नदीचे पाणी देण्यावर २०२७ च्या आरंभापासून बंदी घातली; स्वतंत्र घरांची अंगणे मात्र त्यातून वगळली आहेत. तेथील जलप्राधिकरणाच्या हिशेबानुसार, लॉनच्या जागी वाळवंटी हवामानाला साजेशी लागवड केल्यास प्रत्येक चौरस फुटामागे वर्षाला सुमारे ५५ गॅलन, म्हणजे २०० लीटरहून अधिक पाणी वाचते.

असे अंगण टिकते की बिघडते, हे बहुतांशी कामाच्या क्रमावर ठरते. आधी पाण्याची आणि मातीची पाहणी, मग जुन्या गवताचा पूर्ण नायनाट, त्यानंतर उतार व सिंचन, आणि रोपे सर्वांत शेवटी, असा तो क्रम आहे. प्रत्यक्षात बरेच जण उलट करतात: रोपे आधी आणतात, गवत घाईने खरवडतात, वर खडी पसरतात, आणि वर्षभरात त्या खडीतून जुने गवत पुन्हा डोके वर काढते. आणखी एक गोष्ट आरंभीच स्पष्ट असावी. कमी देखभालीचे अंगण पहिल्या दिवसापासून कमी देखभालीचे नसते. पहिली दोन वर्षे त्याला लॉनइतकेच, कधी कधी लॉनपेक्षा जास्त लक्ष द्यावे लागते. श्रम कमी होतात ते त्यानंतर.

जागेची पाहणी

कागदावर जागेचा मोजून नकाशा काढावा. त्यावर घर, वाटा, मोठी झाडे, नळ, तुषार सिंचनाच्या नळ्या आणि जमिनीखालून गेलेल्या वीज, गॅस किंवा सांडपाण्याच्या वाहिन्या दाखवाव्यात. या वाहिन्या नेमक्या कुठून गेल्या आहेत याची खात्री झाल्याशिवाय कुदळ मारू नये. मग सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी ऊन कुठे पडते, सावली कुठवर सरकते, याची नोंद करावी. जोराच्या पावसात पाच मिनिटे बाहेर उभे राहून पाणी कुठून येते, कुठे थांबते आणि कुठून बाहेर जाते हे पाहणे कोणत्याही नकाशापेक्षा अधिक उपयोगाचे ठरते.

निचरा तपासण्यासाठी ३० सेंटिमीटर खोल आणि तेवढाच रुंद खड्डा खणून तो पाण्याने भरावा. ते पाणी पूर्ण जिरू द्यावे, मग खड्डा पुन्हा भरावा आणि पाण्याची पातळी तासाला किती उतरते ते मोजावे. ताशी अडीच सेंटिमीटरच्या आसपास पाणी उतरत असेल, तर निचरा चांगला आहे. त्याहून बरेच कमी उतरत असेल, तर माती भारी किंवा दबलेली आहे, आणि कोरड्या जमिनीत वाढणाऱ्या वनस्पतींची मुळे तिथे कुजण्याचा धोका आहे. मातीचा पोत कळण्यासाठी काचेच्या उभ्या बरणीत एक तृतीयांश माती आणि उरलेले पाणी घालून जोराने हलवावे आणि बरणी दोन दिवस न हलवता ठेवावी. तळाशी वाळू, तिच्यावर गाळ आणि सर्वांत वर चिकणमाती असे थर दिसतात. त्यांच्या जाडीवरून प्रमाणाचा अंदाज येतो.

याच टप्प्यावर पाण्याच्या मीटरची नोंद ठेवायला सुरुवात करावी. आधीचा आकडा हाताशी नसेल, तर नंतर किती पाणी वाचले हे कधीच कळत नाही.

किती लॉन काढायचे

सगळे लॉन काढलेच पाहिजे असे नाही. डेन्व्हरच्या मूळ मांडणीतही उपयोगी हिरवळीला जागा होती. विरोध होता तो निरुपयोगी हिरवळीला. मुलांच्या खेळण्यासाठी किंवा बसण्यासाठी एक सलग, सरळ कडांचा, सहज पाणी देता येईल असा तुकडा राखून ठेवायला हरकत नाही. अरुंद पट्टे, तीव्र उतार, दाट सावलीतील जागा आणि भिंतीलगतचे कोपरे मात्र सर्वांत आधी काढावेत, कारण तिथे पाणी सर्वाधिक वाया जाते आणि गवत मुळातच नीट वाढत नाही. जागा मोठी असेल तर काम दोन-तीन वर्षांत, भागाभागाने करणे अधिक शहाणपणाचे आहे. एका भागात काय जगले आणि काय मेले, हे पाहून पुढच्या भागाची आखणी करता येते.

कृत्रिम गवताचा पर्याय अनेकांना सोपा वाटतो. मी तो सुचवत नाही. ते उन्हात नैसर्गिक हिरवळीपेक्षा कितीतरी अधिक तापते, धूळ आणि घाण काढण्यासाठी धुवावे लागते, त्याखालची माती निर्जीव होत जाते आणि काही वर्षांनी त्या प्लास्टिकची विल्हेवाट लावण्याचा प्रश्न उभा राहतो.

जुने गवत मारणे

सर्वाधिक संयम या टप्प्यावर लागतो, कारण इथली कसर नंतर भरून निघत नाही. आपल्या लॉनमधले गवत कोणत्या प्रकारचे आहे हे आधी ओळखावे. झुपक्याने वाढणारे गवत मुळांसकट खणून काढले की संपते. हराळीसारखे गवत मात्र जमिनीवरच्या धावत्या खोडांनी आणि जमिनीखालच्या कांड्यांनी पसरते, आणि राहिलेल्या छोट्याशा तुकड्यातूनही नव्याने फुटते. लव्हाळ्याच्या गाठी तर मातीत खोलवर असतात. वरचे पाते उपटले तरी गाठ तशीच राहते. म्हणून हराळी किंवा लव्हाळा असलेल्या जागी रोटाव्हेटर, म्हणजे माती उकरणारे फिरत्या पात्यांचे यंत्र, अजिबात फिरवू नये. त्याने गवत मरत नाही, उलट त्याचे तुकडे होऊन ते सगळीकडे पसरते.

गवत मारण्याच्या मुख्य पद्धती चार आहेत, आणि त्यांपैकी कोणती निवडायची हे हवामान, गवताचा प्रकार आणि हाताशी असलेला वेळ यांवर ठरते.

पहिली पद्धत थेट उपटण्याची. सपाट फावड्याने किंवा लॉन सोलण्याच्या यंत्राने तीन ते पाच सेंटिमीटर जाडीचा थर सोलून काढला जातो. काम त्याच दिवशी संपते, पण त्याबरोबर वरची सुपीक मातीही जाते आणि खोल गेलेल्या कांड्या मागे राहतात. सोललेले गवत मुळे वर करून एका कोपऱ्यात रचून झाकून ठेवले, तर काही महिन्यांत त्याची चांगली माती होते. हराळीचे तुकडे मात्र या ढिगात घालू नयेत.

दुसरी पद्धत उन्हाने माती तापवण्याची. गवत अगदी जमिनीलगत कापून, माती चांगली भिजवून, तिच्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून अंथरावे आणि सर्व कडा मातीत गाडून हवाबंद कराव्यात. वर्षातल्या सर्वांत कडक उन्हाचे चार ते सहा आठवडे ते तसेच राहू द्यावे. प्लास्टिक पारदर्शकच हवे; काळे प्लास्टिक स्वतः तापते, पण खालची माती तेवढी तापवत नाही. माती कोरडी असेल तर उष्णता खोलवर जात नाही, म्हणून आधी भिजवणे टाळू नये. थंड, ढगाळ किंवा सावलीच्या जागी ही पद्धत उपयोगी पडत नाही, आणि लव्हाळ्याच्या खोल गाठी तिला सहसा पुरून उरतात.

तिसरी पद्धत पुठ्ठ्याने झाकण्याची, आणि बहुतेक घरांसाठी मला हीच सर्वांत योग्य वाटते. गवत जमिनीलगत कापावे, पाणी द्यावे, आणि त्यावर चिकटपट्ट्या व पिना काढलेले साधे पुठ्ठे एकमेकांवर किमान १५ सेंटिमीटर चढतील असे अंथरावेत. पुठ्ठे भिजवून त्यावर १० ते १५ सेंटिमीटर जाडीचा लाकडाच्या ढलप्यांचा थर द्यावा. प्रकाश न मिळाल्याने गवत मरते, पुठ्ठा कुजतो, गांडुळे वाढतात आणि मातीचा कस जागीच सुधारतो. याला काही महिने लागतात, हीच यातली एकमेव खरी अडचण. पुठ्ठ्यांमधल्या फटी आणि कडा यांवर लक्ष ठेवावे लागते, कारण हराळी नेमकी तिथूनच बाहेर येते. फरशी किंवा वाटेच्या कडेला आधी १५ ते २० सेंटिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर खोल चर खणून तिथले गवत काढून टाकावे. त्यामुळे आच्छादनाचा थर वाटेच्या पातळीखाली राहतो आणि पावसात वाहून फरशीवर येत नाही.

चौथी पद्धत तणनाशकाची. मुळांपर्यंत पोहोचणारे तणनाशक गवत हिरवे आणि जोमाने वाढत असतानाच काम करते. सुकलेल्या गवतावर ते फवारणे व्यर्थ आहे. जिथे हराळी वर्षानुवर्षे मुरलेली आहे तिथे काही जण हा मार्ग निवडतात. निवडल्यास वेष्टनावरील सूचना अक्षरशः पाळाव्यात, वारा असताना फवारू नये आणि पाण्याच्या स्रोताजवळ मुळीच वापरू नये.

कोणतीही पद्धत वापरली तरी एक परीक्षा घ्यावीच. गवत मेले असे वाटल्यावर त्या जागेला दोन-तीन आठवडे पाणी द्यावे आणि काय उगवते ते पाहावे. जे उगवेल ते कोवळे असतानाच काढावे, आणि शक्य असल्यास हाच क्रम पुन्हा करावा. या थोड्या आठवड्यांच्या विलंबाने पुढची कित्येक वर्षांची खुरपणी वाचते.

लॉनमध्ये मोठी झाडे असतील तर

याकडे फारच कमी लोक लक्ष देतात. लॉनमध्ये वाढलेले झाड अनेक वर्षे लॉनचेच पाणी पीत आलेले असते आणि त्याची बहुतेक शोषक मुळे जमिनीच्या वरच्या अर्ध्या मीटरमध्ये, फांद्यांच्या घेराबाहेरपर्यंत पसरलेली असतात. लॉनचे पाणी एकदम बंद केले की झाड लगेच मरत नाही. एक-दोन उन्हाळ्यांत शेंडे सुकत जातात, कीड लागते, आणि तोवर कारण विसरले गेलेले असते. त्यामुळे अशा झाडाला वेगळी व्यवस्था हवी. बुंध्यापाशी पाणी देऊन उपयोग नाही. फांद्यांच्या घेराच्या कडेला ठिबक नळीची कडी टाकून, महिन्यातून एक-दोनदा सावकाश आणि खोलवर पाणी द्यावे व काही वर्षांत ते हळूहळू कमी करावे. झाडाखाली खोल खणू नये, आणि प्लास्टिकने माती तापवण्याची पद्धत तिथे वापरू नये. आच्छादन टाकताना बुंध्याभोवती हातभर जागा मोकळी ठेवावी.

उतार, पावसाचे पाणी आणि माती

गवत गेल्यावर आणि रोपे लावण्यापूर्वी जमिनीला आकार द्यावा. घरापासून दूर जाणारा उतार मीटरमागे किमान दोन सेंटिमीटर असावा. घराच्या पायापासून निदान तीन मीटर अंतरावर १५ ते २० सेंटिमीटर खोल, बशीसारखा उथळ खळगा करून छताचे पाणी तिकडे वळवले, तर पावसाचा मोठा भाग अंगणातच मुरतो. ५० चौरस मीटरच्या छतावर २० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे १,००० लीटर पाणी खाली येते. ते गटारात सोडून देण्याचे काही कारण नाही. खळग्यातले पाणी एक-दोन दिवसांत जिरलेच पाहिजे. जिरत नसेल तर खळगा उथळ करावा किंवा जागा बदलावी, अन्यथा डास होतात. खणलेली माती टाकून न देता तिचे ३० सेंटिमीटरपर्यंत उंचवटे करावेत. भारी जमिनीत पाणी न सोसणाऱ्या वनस्पतींना हेच उंचवटे जगवतात.

चिकणमातीत वाळू मिसळून ती भुसभुशीत करण्याचा प्रयत्न करू नये. थोड्या वाळूने ती आणखी घट्ट होते. दबलेली माती वाफशावर, म्हणजे चिखलही नाही आणि कोरडीही नाही अशी असताना काट्याच्या फावड्याने १५ ते २० सेंटिमीटर मोकळी करावी. ओल्या मातीवर पाय देऊन काम केल्यास ती पुन्हा दबते. कंपोस्टचा दोन ते पाच सेंटिमीटरचा थर बहुतेक झुडपांना पुरतो, आणि मूळच्या रेताड, खडकाळ जागी वाढणाऱ्या वनस्पतींना तोही नको असतो. फार कसदार मातीत त्या भराभर, लुसलुशीत वाढतात, आडव्या पडतात आणि अधिक पाणी मागतात.

रोपांची निवड

वनस्पती निवडण्यापूर्वी अंगणाचे पाण्याच्या गरजेनुसार तीन भाग पाडावेत: घराजवळचा, थोडे अधिक पाणी मिळणारा; मधला, अधूनमधून पाणी लागणारा; आणि कडेचा, जम बसल्यावर पावसावरच जगणारा. एकाच नळीवर कोरफड आणि कर्दळ लावली, तर दोन्हींपैकी एकीचे नुकसान ठरलेले आहे.

पहिली पसंती आपल्या भागातल्या माळावर, टेकडीवर आणि रस्त्याकडेला कोणी पाणी न घालता जगणाऱ्या झाडाझुडपांना द्यावी. त्यांना तिथला पाऊस, तिथली कोरड आणि तिथले कीटक ओळखीचे असतात. बाहेरच्या वनस्पती आणताना मूळ प्रदेशातला पावसाचा हंगाम पाहावा. हिवाळी पावसाच्या प्रदेशातील रोझमेरी आणि लॅव्हेंडर यांना दुष्काळ सोसतो, पण उष्ण हवेतला सततचा ओलावा सोसत नाही. पाण्याची गरज कमी आहे एवढ्यावरच निवड करू नये. शोभेसाठी जगभर नेलेली घाणेरी अनेक देशांत रानोमाळ पसरली. ऑस्ट्रेलियात नेलेल्या फड्या निवडुंगाने एवढी जमीन व्यापली की १९२६ मध्ये त्याला खाणारा पतंग बाहेरून आणून सोडावा लागला. जी वनस्पती कोरड्या जागी आपोआप पसरते, तिच्याबद्दल स्थानिक कृषी किंवा वन विभागाकडे आधी चौकशी करावी.

हिरवळीसारखे सपाट हिरवे दिसणे हवेच असेल, तर जमिनीलगत पसरणाऱ्या वनस्पतींचा विचार करावा. मात्र त्यांच्यावर सतत वावर चालत नाही, आणि फुलांवर मधमाश्या येत असल्याने अनवाणी चालण्याच्या वाटेवर त्या लावू नयेत. वावर असलेल्या ठिकाणी दगडी फरशा बसवून त्यांच्या फटींतच अशी रोपे लावणे उत्तम.

रोपांतील अंतर त्यांच्या आजच्या आकारावर नव्हे, पूर्ण वाढीच्या रुंदीवर ठरवावे. ६० सेंटिमीटर रुंद होणारी रोपे चौरस मीटरला तीनच पुरतात. सुरुवातीला जागा रिकामी दिसेल, ती दिसू द्यावी. दाट लावलेली रोपे दोन वर्षांत एकमेकांवर चढतात आणि मग छाटणीचे काम कायमचे मागे लागते. लहान कुंडीतली रोपेच घ्यावीत. मोठ्या कुंडीत रुळलेल्या रोपांपेक्षा ती जमिनीत लवकर मुळे धरतात.

ठिबक, लागवड आणि आच्छादन

जुन्या तुषार सिंचनाची तोंडे बंद करून तीच मुख्य नळी ठिबकसाठी वापरता येते, पण तिला फिल्टर आणि दाब कमी करणारा रेग्युलेटर जोडावाच लागतो. प्रत्येक झुडपाला ताशी दोन किंवा चार लीटरचे दोन ड्रिपर (नळीला बसवायची, थेंब थेंब पाणी सोडणारी तोंडे) दोन बाजूंना द्यावेत, म्हणजे एक चोंदला तरी रोप मरत नाही. वर सांगितलेल्या तिन्ही भागांसाठी स्वतंत्र व्हॉल्व्ह ठेवावेत.

लागवड कडक उन्हाळ्यात करू नये. पावसाच्या किंवा थंड हंगामाच्या आरंभी लावलेल्या रोपांना मुळे धरायला अवधी मिळतो. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद, पण गोळ्याइतकाच खोल घ्यावा. गोळ्याचा माथा आजूबाजूच्या मातीपेक्षा किंचित वर राहावा. कुंडीत गोल फिरलेली मुळे हाताने मोकळी करावीत, खड्डा खणलेल्या मातीनेच भरावा, रासायनिक खत घालू नये आणि लगेच भरपूर पाणी द्यावे.

त्यानंतर सर्व मोकळ्या जमिनीवर साडेसात ते दहा सेंटिमीटर आच्छादन पसरावे. १०० चौरस मीटरला साडेसात सेंटिमीटर थर द्यायचा, तर साडेसात घनमीटर ढलप्या लागतात. हा हिशेब आधीच करून ठेवावा. खडी वापरायची असेल तर ती वाळवंटी वनस्पतींभोवतीच आणि कमी जाडीने वापरावी. संपूर्ण अंगणभर पसरलेली खडी दिवसभर तापते, रात्री उष्णता सोडते आणि भोवतालच्या रोपांचीच पाण्याची गरज वाढवते. खडीखाली तणरोधक कापड घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मला पटत नाही. वाऱ्याने येणारी धूळ कापडावर साठते, तिच्यात तण रुजते, आणि त्याची मुळे कापडात अडकल्याने ते उपटणे अधिकच कठीण होते.

पहिली दोन वर्षे

पहिले दोन आठवडे दर दोन-तीन दिवसांनी पाणी द्यावे, मग पहिल्या हंगामात आठवड्यातून एकदा, आणि दर महिन्याला दोन पाण्यांतले अंतर वाढवत न्यावे. प्रत्येक वेळी पाणी जास्त आणि खोलवर, पण दोन पाण्यांतले अंतर मोठे, असे ठेवले तर मुळे खाली जातात. टायमर लावून विसरून जाऊ नये. आच्छादन बाजूला करून बोट किंवा लांब स्क्रूड्रायव्हर मातीत खुपसून पाहावा. तो १०-१५ सेंटिमीटरपर्यंत सहज जात असेल आणि माती थंड लागत असेल, तर पाण्याची गरज नाही. दुपारी माना टाकलेले रोप संध्याकाळी सावरले, तर ते तहानलेले नाही; सकाळीही मलूल दिसले, तर पाणी द्यावे. पानगळ आणि पिवळेपणा अति पाण्यानेही येतो, त्यामुळे माती तपासल्याशिवाय नळ उघडू नये.

तण पहिल्या वर्षी आठवड्यातून एकदा, फुलावर येण्याआधी काढावे. हराळीचे एकही पान दिसले तर त्याच दिवशी मुळापर्यंत खणून काढावे. दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी निम्म्यावर आणावे, आणि झुडपे रुंद झाली की ड्रिपर खोडापासून दूर सरकवावेत, कारण पाणी पिणारी मुळे आता तिथे असतात. प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला नळ्यांची टोके उघडून गाळ धुऊन टाकावा, चोंदलेले ड्रिपर बदलावेत, आणि आच्छादन वर्षाकाठी दोन-तीन सेंटिमीटरने भरून काढावे.

काही रोपे मरतील. ती उपटताना मुळे पाहावीत: काळी, मऊ आणि वास येणारी असतील तर पाणी जास्त झाले किंवा निचरा कमी पडला, कोरडी, ठिसूळ आणि अजूनही कुंडीच्या आकारात गुंडाळलेली असतील तर ती आजूबाजूच्या मातीत गेलीच नाहीत. त्या जागी पुन्हा तीच जात लावण्याआधी शेजारची जोमाने वाढणारी झुडपे ती जागा स्वतःच भरून काढतात का, हे एक हंगाम पाहावे. तिसऱ्या वर्षापासून कडेच्या भागाची नळी बंद करून फक्त दीर्घ कोरडीत उघडावी, आणि मीटरचा आकडा पहिल्या नोंदीशी ताडून मधल्या भागाचे पाणी आणखी किती कमी करता येईल ते ठरवावे.